लंडनला मुलांच्या वॉर्डात भाचीला भेटायला जायचंय, पुण्यातून काय तयारी करावी?

कोथरूडची_मावशी, २ फेब्रुवारी

धाकटी बहीण लंडनला असते. तिच्या ६ वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सर (ए.एल.एल.) आहे आणि ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलात केमो चालू आहे. मी, आई (वय ७१) आणि माझा ४ वर्षांचा मुलगा १२ मार्चला निघतोय, २८ ला परत. व्हिसा, तिकिटं झाली. राहणार बहिणीकडेच. आता प्रश्न वॉर्डचे.

एका वेळी किती जणांना आत सोडतात? मुलाला नेता येईल का? आईला बेसनाचे लाडू, घरचं तूप, बाळगुटी आणि देवाचा अंगारा न्यायचाय. मी म्हणते वॉर्डातल्या बाकीच्या मुलांसाठीही पंधरा-वीस खेळणी न्यावीत, तुळशीबागेतली लाकडी भातुकली, बाहुल्या असं काहीतरी. शिवाय दोन-चार दिवस तिथल्या मुलांना गोष्टी सांगायला, चित्रं काढायला बसता येईल का?

बहिणीला सारखं विचारून भंडावून सोडायचं नाही म्हणून इथे विचारतेय. नवरा म्हणतो, गेल्यावर कळेलच.

लहान_मुलांची_सिस्टर, ३ फेब्रुवारी

नवऱ्याचं ऐकू नका. गेल्यावर कळेल ते इतकंच, की दारातून परत फिरायचंय.

ए.एल.एल.च्या केमोत पांढऱ्या पेशी पडतात, त्यातही न्यूट्रोफिल. तिकडच्या रिपोर्टात तो आकडा ०.५ च्या खाली गेला (आपल्याकडच्या रिपोर्टात ५००) की आपल्याला जी नुसती सर्दी, ती तिला महागात पडते. ताप ३८ च्या वर गेला की तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. त्यामुळे भेट कधी होणार हे तुमच्या तिकिटावर नाही, तिच्या त्या आठवड्याच्या रक्ताच्या रिपोर्टावर ठरणार. सगळे दिवस मिळून तीन-चार भेटी झाल्या तरी चांगलं, असं धरून चला. आणि फोनवर तिला ‘शुक्रवारी येतेच हं’ असं सांगू नका. शुक्रवार हुकला की रडणं बहिणीला निस्तरावं लागतं.

खरं काम पुण्यातच आहे, आणि या आठवड्यात सुरू केलं तर पुरतं.

सगळ्यात आधी कांजण्या. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नाही, त्यामुळे मुलाची फाईल काढून खाजगी दवाखान्यात दिलेल्या नोंदी बघा. बऱ्याच मुलांचा सव्वा वर्षाचा डोस झालेला असतो आणि दुसरा राहून गेलेला असतो. दोन हवेत. ही लस जिवंत विषाणूची असते, म्हणून दुसरा डोस राहिला असेल तर आत्ताच घ्या, निघण्याच्या आदल्या आठवड्यात नको. लस घेतल्यावर अंगावर पुरळ उठलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत त्याने तिच्या जवळपास जायचं नाही. तुम्ही आणि आई यांनी ‘लहानपणी झाल्या असतील’ यावर विसंबू नका. अंगात कांजण्यांची प्रतिकारशक्ती आहे का ते सांगणारी व्हॅरिसेला आयजीजी नावाची रक्ततपासणी पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या लॅबमध्ये होते. निगेटिव्ह आली तर तुम्हाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस अजून बसतात. आईंच्या वयाला द्यायची का, ते डॉक्टर ठरवतील.

गोवर: मुलाचे एम.एम.आर.चे डोस तपासा. गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहतो, म्हणजे विमानतळावरची रांगसुद्धा पुरते. फ्लूची लस तिघांनी घ्या, तिला अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात. मोठ्यांनी डांग्या खोकल्याची टीडॅप घ्यावी. आईंना दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी इथेच उरकून घ्या. तिथे खोकत गेलात तर सगळ्यांचीच झोप उडेल.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: पोलिओचे थेंब. पल्स पोलिओत आपण पाच वर्षांखालच्या मुलांना देतो ते जिवंत, कमजोर केलेले विषाणू. ते काही आठवडे मुलाच्या शौचातून बाहेर पडतात. इंग्लंडमध्ये थेंब देतच नाहीत, तिथे इंजेक्शन देतात, त्यामुळे तिथले लोक आपण होऊन विचारतीलच असं नाही. निघण्याच्या आधीच्या सहा आठवड्यांत तुमच्या भागात पल्स पोलिओचा रविवार आला तर डोस परस्पर चुकवू नका. मुलांच्या डॉक्टरांना विचारा, आणि घेतला तर ती तारीख वॉर्डला कळवा. त्या काळात त्याची शी धुतली की साबणाने हात, आणि त्याला आणि भाचीला एक टॉयलेट नको.

पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस वॉर्डात जाऊच नका. विमानात फ्लू लागला असेल तर लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस, कधी चारही लागतात. तिघांपैकी कुणालाही उलटी-जुलाब झाले तर थांबल्यापासून पूर्ण ४८ तास बंदी. या आजारात हाताला जेल चोळून भागत नाही, नोरोव्हायरसवर ते नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणीच हवं, ४० ते ६० सेकंद, अंगठा आणि नखांच्या कडा धरून.

ब्लूम्सबरीकर, ३ फेब्रुवारी

सिस्टरांनी आजारांचं सांगितलंय, मी दारापासून पुढचं सांगतो.

वॉर्ड तुमच्याशी फोनवर बोलणार नाही. मुलीची माहिती फक्त आईवडिलांना. तेव्हा बहिणीने एकदाच विचारून ठेवावं: पलंगापाशी एका वेळी किती जण, आईवडील धरून की सोडून, भावंडं सोडून इतर लहान मुलं चालतात का, भेटणाऱ्यांची नावं आधी द्यावी लागतात का, ती एकटीच्या खोलीत आहे का. साधारणपणे पलंगापाशी दोन मोठी माणसं, त्यात एक पालक. म्हणजे तुम्ही आणि आई आलटून-पालटून. नियम वॉर्डागणिक बदलतात, आणि थंडीत व्हायरस वाढले की रातोरात आवळले जातात. बोन मॅरो बदलतात त्या वॉर्डात तर ठरलेल्या नावांपलीकडे कुणीच नाही.

दाराला कुलूप असतं. घंटी दाबून मुलीचं पूर्ण नाव आणि तुमचं नातं सांगायचं. मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी दार धरून ठेवायचं नाही, कितीही अवघडल्यासारखं वाटलं तरी. कोट बाहेर, बाह्या कोपराच्या वर, घड्याळ आणि खड्याच्या अंगठ्या पर्समध्ये. आईंच्या बांगड्या निघत नसतील तर बांगड्या वर सारून मनगटापर्यंत हात धुवायचे. साडी नेसणार असतील तर पदर खोचून. नळ्यांवर लोळणारा पदर सिस्टर लोकांना बघवत नाही. अत्तर, गजरा, डोक्याला वासाचं तेल नको, केमोत वासाने मळमळतं. खोलीला दोन दारं असतील तर पहिलं पूर्ण बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, कारण आतल्या हवेचा दाब त्यावर टिकतो.

वेळ दुपारची धरा. सकाळी राउंड, तपासण्या, फिजिओ असतात. जेवणाच्या आणि विश्रांतीच्या वेळेला गर्दी नको असते. पाऊण तास पुरे.

पलंगापाशी: पलंगावर बसायचं नाही. औषधाचा पंप वाजला तर बटण दाबायचं नाही, सिस्टरना बोलवायचं. तिला काखेत हात घालून उचलू नका, छातीत लाईन, म्हणजे औषध द्यायची नळी, असू शकते. पाणी, ज्यूस दिलंत तर किती मि.ली. ते सांगा, कारण आत किती गेलं आणि बाहेर किती आलं याचा तक्ता असतो. त्याच कारणाने लघवीचं भांडं परस्पर ओतू नका. शिवाय त्यात केमोचे अंश असतात, हातमोज्यांशिवाय हात लावायचाच नाही.

आणि आजींसाठी खास: या मुलांना पाठीच्या मणक्यातून औषध देतात, लहान मुलांना बहुधा भूल देऊन. त्याआधी ६ तास अन्न बंद. पलंगावर तशी पाटी असताना ‘बिचारी उपाशी आहे’ म्हणून एक घास भरवला तर प्रोसिजर रद्द होते आणि उपाशी राहणं दुसऱ्या दिवशी पुन्हा.

फोटो काढला तर फक्त तिचा, बहिणीला विचारून, आणि मागे दुसरं मूल येऊ न देता. शेजारच्या पालकांना ‘तुमच्याला काय झालंय?’ विचारू नका.

स्टेशन रसेल स्क्वेअर, पिकॅडिली लाईन. हीथ्रोहूनही तीच गाडी थेट येते. मात्र तिथे लिफ्ट असूनही काही पायऱ्या चढाव्या लागतात. आईंचे गुडघे दुखत असतील तर किंग्ज क्रॉसला उतरा, तिथे लिफ्टने वरपर्यंत येता येतं. पुढे बस किंवा टॅक्सी. मुलगा आजारी पडला तर त्याला याच हॉस्पिटलात घेऊन धावू नका. नाव मोठं असलं, १८५२ पासून मुलांसाठीच असलं, तरी इथे इमर्जन्सी विभाग नाही. १११ या सरकारी आरोग्य हेल्पलाईनला फोन करायचा, जिवावरचं असेल तर ९९९. प्रवास विमा तिघांचाही काढा. इमर्जन्सी विभागातली तपासणी फुकट असते, पण ॲडमिट केलं तर पर्यटकाला सरकारी दराच्या दीडपट बिल येतं.

नारायण_पेठ_४११०३०, ३ फेब्रुवारी

डब्याचा विषय कुणी घेतला नाही म्हणून.

तूप, पेढे, खवा, पनीर भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही. दूध आणि मांस यांच्या पदार्थांना बंदी आहे. बेसनाच्या लाडवात तूप असतंच, तेव्हा कस्टमच्या टेबलावर पाककृती समजावत बसण्यापेक्षा युस्टनजवळ ड्रमंड स्ट्रीटला आपल्याकडची दुकानं आहेत, बेसन आणि तूप तिथे मिळतं. लाडू तिथेच वळा, ताजे होतील. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या जातात, सीलबंद असलेल्या बऱ्या. शेंगदाण्याची चटणी आणि चिक्की मात्र वॉर्डात उघडू नका, शेजारच्या मुलाला ॲलर्जी असू शकते.

तिला काय चालेल ते वॉर्डच्या आहारतज्ज्ञ सांगतील. पेशी खाली असताना साधारणपणे कच्च्या कोशिंबिरी, न धुतलेली फळं, रस्त्यावरचं, काल केलेलं बंद. बऱ्याच वॉर्डांत घरचं अन्न गरम करून देत नाहीत, कारण अर्धवट गरम झालेल्या भातात जंतू वाढतात. फ्रिजमध्ये ठेवायचं तर नाव आणि तारीख लिहून. जुनं दिसलं की फेकून देतात, त्यात मानापमान काही नाही.

स्टेरॉइड चालू असेल तर ती दिवसभर खायला मागेल, चिडचिड करेल, आणि चेहरा गोल होईल. ‘काय गं गुटगुटीत झालीस!’ हे वाक्य आजींच्या ओठांवर येणार. आधीच सांगून ठेवा. स्टेरॉइडने साखरही वाढते, म्हणून लाडू विचारूनच. भेट म्हणून केसांच्या क्लिपा, हेअरबँड घेतल्या असतील तर त्या पुण्यातच ठेवा.

बाळगुटी नको. उगाळलेली मुळं, सहाणेवरचं पाणी आणि केमोची औषधं हे एकत्र यकृतावर येतं, आणि काही भस्मांमध्ये शिसं सापडतं. काजळाचंही तेच. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हा वाद वॉर्डच्या फार्मासिस्टशी घालून बघा, ते यादी काढून बसतील. च्यवनप्राश, काढा, हळदीच्या गोळ्या, काहीही द्यायचं मनात असेल तर आधी त्यांना.

अंगारा छोट्या बंद पुडीत बहिणीकडे राहू दे, उशाच्या कप्प्यात वगैरे. कपाळाला लावायचा तर वॉर्डला विचारून. लाईनच्या आसपास, आणि डोळ्या-नाकात जाईल असा नाही. गंडा-दोरा सुईच्या हाताला नको, ऑपरेशन थिएटरात जाताना काढावा लागू शकतो. दिवा, उदबत्ती, मीठ-मोहऱ्या ओवाळून जाळणं, काही नाही. भिंतीत ऑक्सिजन आहे. इंग्लंडच्या मोठ्या हॉस्पिटलांत सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची खोली असते आणि हिंदू पुरोहिताची सोयही विचारता येते, आईंना ते बरं वाटेल.

खेळवाडी, ४ फेब्रुवारी

खेळण्यांबद्दल स्पष्टच: वाटायला नेऊ नका.

तुम्ही पाहुण्या एका मुलीच्या. दुसऱ्या मुलाच्या हातात काहीही देणं, गोळी-चॉकलेटसुद्धा, तिथे मुलांच्या सुरक्षिततेच्या नियमात बसत नाही. तो मुलगा उपाशी ठेवलेला असेल, त्याला ॲलर्जी असेल, तो विलगीकरणात असेल. तुम्हाला ते माहीत असायचं कारण नाही. तुळशीबागेतल्या भातुकलीचे तुकडे घशात अडकण्याएवढे असतात, रंगात काय आहे ते कुठे लिहिलेलं नसतं, आणि तिकडचा यूकेसीए किंवा सीई हा सुरक्षिततेचा शिक्का नसला की ठेवूनच घेत नाहीत. लाकडाला भेगा असतात, त्या पुसून निर्जंतुक होत नाहीत.

भाचीसाठी न्यायचं तर नवं, बंद खोक्यातलं, ओल्या फडक्याने पुसता येईल असं. स्टिकरची पुस्तकं, प्लास्टिकच्या डब्यातले रंगीत खडू, कड्यांचं कोडं. मऊ खेळणं एकच, मशीनमध्ये धुता येणारं. फुगे नकोत: लॅटेक्सची ॲलर्जी असते आणि फुटलेला तुकडा श्वासनलिकेत जातो. फुलं तर कॅन्सर वॉर्डात अजिबात नाहीत, फुलदाणीच्या पाण्यात जंतू आणि कुंडीच्या मातीत बुरशी असते. नाण्यासारख्या सेलची खेळणी तपासून घ्या, झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो. पुढून बटणं असलेले सुती शर्ट चार न्या. लाईन असलेल्या मुलांना डोक्यातून घालायचे कपडे त्रासाचे, आणि हे कुणी आणत नाही. आजीच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून न्या. भेट रद्द झाली तरी त्या पोचतात.

गोष्टी सांगायला बसण्याचं जमणार नाही. व्हिसा आड येत नाही: पर्यटक म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत संस्थेत ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते. आड येते ती चारित्र्य पडताळणी, आरोग्य तपासणी, प्रशिक्षण आणि काही महिने सलग येण्याची अट. तिथे आजारी मुलांशी खेळायला शिकलेले पगारी प्ले स्पेशालिस्ट असतात, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटमध्ये तर हॉस्पिटलची स्वतःची शाळाही आहे. मदतच करायची तर हॉस्पिटलच्या चॅरिटीला पैसे द्या, काय लागतं ते त्यांना माहीत असतं. भातुकलीचे पैसे पुण्यातच खर्चायचे असतील तर ससूनसारख्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना आधी विचारा. तिथेही थेट वॉर्डात पिशवी घेऊन जाऊ नका.

खरी गरज बहिणीला आहे. पालकांपैकी एकाचाच पलंग वॉर्डात असतो, आणि जेवण बहुतेक ठिकाणी फक्त मुलाला मिळतं. धुणं, डबा, फोनच्या चार्जरची लांब वायर, आणि तुम्ही पलंगापाशी असताना तिला दोन तास बाहेर जाऊ देणं.

कोथरूडची_मावशी, ५ मार्च

सगळ्यांचे आभार. मुलाचा कांजण्यांचा दुसरा डोस ८ फेब्रुवारीला झाला, पुरळ काही आलं नाही. माझा आणि आईचा आयजीजी पॉझिटिव्ह. खेळणी रद्द, चार शर्ट घेतले. पण आज बालवाडीतून मेसेज आला: वर्गातल्या एका मुलाला काल कांजण्या निघाल्या. ३ तारखेला दोघं दिवसभर शेजारी बसले होते. ४ पासून माझा मुलगा घरीच आहे. आता?

लहान_मुलांची_सिस्टर, ५ मार्च

पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून कांजण्या पसरतात, म्हणून ३ तारीख संपर्काचीच धरायची. संपर्कानंतर ८ वा ते २१ वा दिवस धोक्याचा, म्हणजे ११ ते २४ मार्च. तुम्ही १२ ला निघताय. हा धोक्याचा काळ जवळजवळ अख्खा तुमच्या प्रवासावर पडला आहे.

दोन डोस झालेत, तेव्हा त्याला कांजण्या होण्याची शक्यता कमी, शून्य नाही. लस घेतलेल्या मुलाला होतात तेव्हा बहुधा थोडेच पुरळ येतात, डास चावल्यासारखे, आणि घरच्यांच्या लक्षातही येत नाही. भाचीसोबत एका खोलीत पंधरा मिनिटं म्हणजे संपर्क धरतात. तसं झालं तर तिची रक्ततपासणी, बहुधा ७ व्या ते १४ व्या दिवसापर्यंत ॲसायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध, इतर मुलांपासून वेगळं ठेवणं आणि केमोचं वेळापत्रक बदलण्याची शक्यता. म्हणून मुलगा २४ पर्यंत वॉर्डात नाही, दारापर्यंतही नाही. २५ ते २८ मध्ये न्यायचं की नाही ते वॉर्डने सांगावं. तुम्ही आणि आई यांना प्रतिकारशक्ती आहे, तुमच्या जाण्याला यामुळे अडचण नसावी, पण हेही वॉर्डच्या कानावर घालूनच.

वॉर्डपेक्षा अवघड प्रश्न बहिणीच्या घराचा आहे. केमोच्या मध्ये भाचीला चार-सहा दिवस घरी सोडतात. ती घरी आली आणि तुम्ही तिथेच असलात तर वॉर्डातली सगळी खबरदारी वाया. तेव्हा बहिणीने उद्या सकाळी वॉर्डला फोन करून चार गोष्टी सांगाव्यात: संपर्काची तारीख ३ मार्च, मुलाचे दोन डोस आणि त्यांच्या तारखा, तुम्ही किती तारखेपासून घरी असणार, आणि बहीण व मेहुण्यांना कांजण्या होऊन गेल्यात का. त्या अवधीत भाची घरी येणार असेल तर तुम्ही तिघं २४ पर्यंत वेगळीकडे राहा. भाड्याची खोली आत्ताच बघून ठेवा, रद्द करता येईल अशी.

निघेपर्यंत आणि तिथे २४ पर्यंत रोज अंघोळीच्या वेळी त्याचं पोट, पाठ आणि केसांखालची टाळू उजेडात बघा. एक जरी पाणीदार फोड किंवा डास चावल्यासारखा पुरळ दिसला तर विमान पुढे ढकला. सगळ्या खपल्या धरेपर्यंत विमान कंपनीही बसू देत नाही. तिकीट बदलायला किती पैसे पडतात ते आजच विचारून ठेवा, आणि लसीची फाईल हातातल्या बॅगेत. वॉर्डने वेगळं काही सांगितलं तर त्यांचंच ऐका.